दुःखात उभारी देणारा कवी तुम्हाला कसा भेटला?

मनमोकळी:
काल लेकीचं पाठांतर चाललं होतं, बहिणाबाईंचं. आणि एकदम बाबा गेले तेव्हाचे दिवस आठवले. शाळेत बहिणाबाई म्हणजे पेरणी, सुगरणीचा खोपा आणि संदर्भासहित स्पष्टीकरण. बाबा गेल्यावर जो येई तो आईला 'नशिबात होतं' ऐकवून जाई. मग मावशीने ती कुंकवाखालच्या करमाच्या रेषेची कविता वाचून दाखवली. ऐन तिशीत वैधव्य, पदरात मुलं, आणि ही बाई ज्योतिषाला सांगते, हात बघू नकोस, दारात येऊ नकोस, माझं नशीब मला कळतंय! आई कितीतरी दिवसांनी हसली. म्हणाली, "हे मला सुचायला हवं होतं."
तुमचेही अनुभव लिहा.

खारूताई:
😢 काकूंना नमस्कार सांग.

जुनाट:
बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलाने, सोपानदेवांनी जपलेल्या कविता अत्र्यांच्या हाती पडल्या म्हणून १९५२ ला पुस्तक आलं. त्या १९५१ लाच गेल्या होत्या.

खारूताई:
म्हणजे स्वतःचं पुस्तक बघितलंच नाही त्यांनी??

संध्याछाया:
इंदिरा संत. घटस्फोटाच्या वेळी मैत्रिणीने त्यांचं 'मेंदी' हे कवितांचं पुस्तक हातात कोंबलं. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

तिरकस:
इंदिराबाईंत आशा कुठे सापडली बुवा? सगळा विरह.

संध्याछाया:
आले. आशा नाहीच. पण नवरा १९४६ ला गेला, लहान मुलं, नोकरी, आणि तरी ती बाई पाऊस इतका नीट बघते. मला तेवढं पुरलं. तुम्हाला नसेल पुरत.

तिरकस:
बरं, माघार. 🙏

रात्रपाळी:
नारायण सुर्वे. नोकरी गेली होती, रात्र रात्र मोबाईल चाळायचो, त्यात त्यांचं काव्यवाचन लागलं. जन्मतः रस्त्यावर सोडलेलं पोर, गिरणी कामगाराने उचलून वाढवलं. शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले. आवाजात रडगाणं नाही, उलट दरडावतात. उठून दाढी केली त्या दिवशी, खरंच.

खारूताई:
दाढी 😂 सॉरी, पण पटलं. आमचे हे पण असेच, दाढी वाढली की समजायचं काहीतरी बिनसलंय.

मनमोकळी:
@रात्रपाळी, आता नोकरीचं कसं?

रात्रपाळी:
लागली ताई. पगार कमी, पण ठीक.

जुनाट:
सुरेश भटांचं कुणीच नाव घेतलं नाही? पोलिओने पाय अधू झालेला माणूस आणि काय ती मिजास गझलेत!

संध्याछाया:
सुर्व्यांचं आधी काय वाचू?

रात्रपाळी:
'माझे विद्यापीठ', १९६६ चं. माझी प्रत मागू नका, एकाने नेलीय, परत दिलेली नाही.

तिरकस:
तो मीच असणार. वाचतोय अजून.