शॉवरची धार मध्येच बारीक होते, प्रेशर पंप बसवावा का?

अवनी_क: मंडळी, शॉवरचा वैताग आलाय. सुरुवातीला पाणी बरं येतं, मग अचानक धार बारीक होते आणि एकदम चटका बसतो. कुणी फ्लश केला की तर हमखास. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. गार-गरम पाणी मिसळणारा नळ म्हणजे मिक्सर भिंतीतला, गिझर साठवणीचा. प्लंबर म्हणतो, थेट प्रेशर पंप बसवा. काय करू?

पाना_पक्कड: पंपाचं नंतर बघू. आधी शॉवरचं तोंड काढा आणि उघड्या पाइपमधून बादली भरून बघा. एकदा फक्त गार, एकदा फक्त गरम, दोन्ही वेळा कॉक पूर्ण उघडा. किती वेळ लागतो ते घड्याळावर बघून इथे सांगा. त्याशिवाय सल्ला देणं म्हणजे अंधारात बाण मारणं.

जुना_सभासद: तोंड काढलंच आहे तर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. क्षारांनी भोकं बुजली की धारा वाकड्यातिकड्या उडतात. आतली जाळीही ब्रशने घासा. फरशीचं ॲसिड मात्र लावू नका, क्रोमचं पाणी उतरतं.

उंची_महत्त्वाची: वरचा मजला म्हणजे टाकी जवळ म्हणून जोर जास्त, असं लोकांना वाटतं. उलट आहे. दाब मिळतो तो पाण्याच्या पातळीपासून शॉवरपर्यंतच्या उंचीचा. 10 मीटरला साधारण 1 बार (बार म्हणजे दाबाचं माप). तुमच्याकडे ती उंची 2-3 मीटर असेल, म्हणजे 0.2-0.3 बार. पावसासारखा पडणारा मोठा गोल शॉवर बसवला असेल तर एवढ्यावर तो ठिबकणारच. छोट्या तोंडाचा, कमी दाबावर चालणारा घ्या. आणि तोंडात पाणी वाचवायची चकती असते, ती आहे का बघा.

अवनी_क: बादली भरून बघितली. गार पाण्याने पटकन भरली, गरम पाण्याला जवळपास तिप्पट वेळ! शॉवर छोटाच आहे, चकती नाही.

पाना_पक्कड: मग दुखणं गरम पाण्याच्या लायनीत आहे. गिझरची वीज बंद करा आणि त्याच्या खालचे अँगल कॉक (पाइपच्या जोडणीवरचे छोटे कॉक) पूर्ण उघडे आहेत ना ते बघा, अर्धवट राहिलेले खूप सापडतात. गिझरमध्ये गार पाणी शिरतं तिथे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) असतो, त्यात कचरा अडकतो. बऱ्याचदा तोच जादा दाब सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्हही असतो, म्हणून साफ करून परत लावायचाच. "काढून टाकू, जोर वाढेल" असं कुणी म्हणालं तर त्याला घरी पाठवा. पुढे गिझरचे जोडपाइप आतून क्षारांनी भरलेत का, मग मिक्सरच्या गरम बाजूचं काट्रिज (पाणी सोडणारा-बंद करणारा आतला भाग) बघा.

खटपट्या: फ्लशचं कारण वेगळं. फ्लशची टाकी भरताना त्याच गार लायनीतून पाणी ओढते. शॉवरचं गार कमी झालं की राहतं ते गरम, म्हणून चटका. टाकीचा अँगल कॉक थोडा आवळा. टाकी सावकाश भरेल, पण शॉवर स्थिर राहील. फुकटचा उपाय आहे.

अवनी_क: अँगल कॉक आवळला, चटका बराच कमी झाला. व्हॉल्व्हमधून कचरा निघाला, गरम पाणीही सुधारलंय, तरी गारपेक्षा कमीच. आता पंप घेऊ का?

पाना_पक्कड: आधी मिक्सर उघडून घ्या. त्यानंतरही जोर कमी वाटला तर पंप, पण दोन अटी. पंप टाकीतून उतरणाऱ्या मुख्य पाइपवर, गार-गरम फाटे फुटायच्या आधी. फक्त गार बाजूला बसवला तर गार पाणी मिक्सरमधून गरम लायनीत घुसतं आणि गिझरचं पाणी येतच नाही. दुसरं, गिझरच्या पट्टीवर किती दाब चालतो ते लिहिलेलं असतं. पंप त्याच्या आतला निवडा.

उंची_महत्त्वाची: आणि प्लंबरला विचारा, टाकीतून निघालेल्या पाइपला हवा जायची उभी नळी आहे का. नसेल तर पाइपात हवा अडकून पंप लावूनही पाणी गुडगुडत येईल.