'कायजी' आपण जुगारासाठी वाचतो की कर्जासाठी?

रानवारा:
जुगारावरच्या मंगा (जपानी चित्रकथा) मालिकांचा विषय निघाला की थरार आणि डोकेबाज डाव यांचंच कौतुक होतं. मला ते अपुरं वाटतं. नोबुयुकी फुकुमोतोंची 'कायजी' (१९९६ पासून 'यंग मॅगझिन' साप्ताहिकात) आपल्याला धरून ठेवते ती कर्जामुळे, असं माझं ठाम मत आहे. पुढे कथानक उघड होतं, वाचायची असेल त्यांनी इथेच थांबा.

कथेचा नायक कायजी जुगाराच्या जहाजावर जातो, पण पत्त्यांच्या नादाने नाही. जुन्या सहकाऱ्याला तो जामीन राहिलेला असतो. सहकारी गायब, आणि वसुलीवाला एन्दो दारात. मुद्दल ३ लाख येन. महिना २० टक्के चक्रवाढीने १४ महिन्यांत ३८ लाख ५० हजार. आकडा करून बघा, बरोबर निघतो. जहाजावर पाय ठेवताच आणखी कर्ज: किमान १० लाख, कमाल १ कोटी, दर १० मिनिटांना दीड टक्का, तेही चक्रवाढ. ४ तासांत १ कोटीचे जवळजवळ १ कोटी ४३ लाख होतात. आणि खेळ कुठला, तर दगड-कागद-कात्री! प्रत्येकाला १२ पत्ते आणि ३ तारे. पत्ते सगळे संपवायचे, तारे राखायचे.

फुनाई नावाचा एकजण कायजीला म्हणतो, आपण दोघं सारखेच पत्ते टाकत जाऊ, बरोबरी होत होत सगळे संपतील, कुणाचंच नुकसान नाही. किती समजूतदार वाटतं! शेवटी शेवटी तो दगा देतो आणि कायजीच्या हाती १ तारा, १ पत्ता उरतो. मला तिथे धस्स झालं ते डाव गेला म्हणून नाही. जामिनाच्या कागदावर सही करून ज्याचे हात एकदा पोळलेत, तोच माणूस पुन्हा विश्वास ठेवतो, म्हणून.

निशाचर:
नाही पटलं. कर्ज हे पात्राला टेबलापर्यंत आणायचं निमित्त. त्याच लेखकाची 'अकागी' घ्या, १९९१ ते २०१८ चालली. अकागीला पैशाची फिकीरच नाही. वाशिझु या श्रीमंत म्हाताऱ्याबरोबरचा माहजोंगचा (सोंगट्यांच्या खेळाचा) सामना कथेत एका रात्रीचा, पण छापून यायला जवळपास वीस वर्षं लागली! प्रत्येक प्रकारच्या ४ सोंगट्यांपैकी ३ पारदर्शक, म्हणजे समोरच्याचा हात बराचसा दिसतो, आणि पणाला लागतं अंगातलं रक्त. वाचक इतकी वर्षं थांबले ते पुढची सोंगटी कोणती पडते हे बघायला. मला माहजोंगचे नियम धड येत नाहीत, तरी मी रात्री जागून वाचलंय. दोन डोकी एकमेकांना वाचतात, ते बघण्याचं सुख वेगळंच आहे. त्याला सावकार कशाला लागतो?

रानवारा:
अकागी पहिल्यांदा ज्या टेबलावर बसतो, तिथे नांगो नावाचा माणूस आपलं कर्ज फेडायलाच खेळत असतो आणि हरत असतो. फुकुमोतोंना सावकाराशिवाय दारच उघडता येत नाही.

सुमेधा_क:
तुम्ही दोघंही एक गोष्ट बाजूला ठेवताय. या मालिका जुगाऱ्याला हुशार ठरवतात. नीट विचार केला, समोरच्याची फट शोधली, की सुटका. माझ्या धाकट्या दिराने मोबाइलवरच्या रमीत गाडीचे हप्ते घालवले, आणि त्याच्या तोंडी नेमकी हीच भाषा होती: "वहिनी, मला पॅटर्न कळलाय." २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला. आकर्षण आहे हे मान्य. पण ते कौतुकाचं आहे हे अजिबात मान्य नाही.

रानवारा:
सुमेधाताई, दिरांचं वाचून वाईट वाटलं. तुमची भीती खरी आहे. पण 'कायजी' हे शिकवत नाही. दुसऱ्या पर्वात 'दलदल' नावाचं पाचिंको यंत्र आहे, म्हणजे खिळ्यांमधून गोळ्या सोडायचं जुगाराचं यंत्र. जुगारघराच्या व्यवस्थापकाने खिळे वाकवून ठेवलेत, आतल्या तबकड्यांचा उतार फिरवलाय. कायजी जिंकतो तो खेळून नाही. वरच्या मजल्यावर पाणी भरून तो अख्खी इमारत कलती करतो. सरळ खेळणाऱ्याला तिथे संधीच नाही, हे लेखक पानामागून पान सांगतो.

आणि तो तळघरातला बिअरचा प्रसंग! कर्जबुडव्यांची जमिनीखाली मजुरी, पगार 'पेरिका' या नोटांत, १० पेरिका म्हणजे १ येन. बाहेर पडण्यासाठी पैसे साठवायचे हे कायजीने मनाशी ठरवलेलं. मुकादम ओत्सुकी पहिला कॅन फुकट देतो, गार. कायजी तो घटाघटा पितो, डोळ्यांत पाणी. मग स्वतःच्या पैशाने आणखी एक घेतो, सोबत याकितोरी (सळईवर भाजलेलं चिकन), आणि बचतीचा बेत तिथेच संपतो. त्यात फासे नाहीत, पत्ते नाहीत, पण सगळ्या मालिकेतली सर्वांत भीतीदायक पानं माझ्या मते तीच. जपानमध्ये आर्थिक तेजीचा फुगा फुटल्यानंतरची ती वर्षं, खाजगी सावकारी कंपन्या जोरात. व्याजाची कमाल मर्यादा २० टक्क्यांवर आणणारी दुरुस्ती २००६ मध्ये झाली आणि २०१० मध्ये पूर्ण लागू झाली. तेव्हाच्या वाचकाला त्या कॅनचा अर्थ समजावून द्यावा लागला नसणार.

सुमेधा_क:
इमारत कलती करून का होईना, जिंकतो ना शेवटी? वाचणाऱ्या पोराच्या डोक्यात तेवढंच राहतं.

निशाचर:
इथे मी रानवारांच्या बाजूने. पहिल्या पर्वात कायजी सावकारी कंपनीच्या तोनेगावा या अधिकाऱ्याला हरवून २ कोटी येन मिळवतो, आणि लगेच ते सगळे त्या कंपनीचा प्रमुख ह्योदो याच्याबरोबरच्या कागदी चिठ्ठ्यांच्या सोडतीत लावतो. पैसे जातात, वर चार बोटं. तो थांबू शकला असता, दार उघडं होतं. त्या वेळी कुठलाही वसुलीवाला त्याला ढकलत नव्हता, म्हणून माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही: ओढ खेळाचीच आहे, कर्ज नंतर येतं.

रानवारा:
मग ती ओढ दाखवणारी पानं सुमेधाताईंच्या दिरांना वाचायला द्यावीत की नाही, ते सांगा.

सुमेधा_क:
चार बोटांची द्या. २ कोटींची माझ्याकडेच ठेवते.