मदत हवी आहे : आदिस्लाव्ह *नेबो (आकाश) मधला शेवटचा 'ओ' आला कुठून?

नमस्कार मंडळी,

रशियन शिकता शिकता आदिस्लाव्हच्या (रशियनसकट सगळ्या स्लाव्ह भाषांची पूर्वज भाषा) नादी लागले आहे आणि *नेबो या नपुंसकलिंगी नामापाशी घोडं अडलंय. (तारांकित रूपं पुनर्रचित, म्हणजे लिखित पुरावा नसलेली, तुलनेवरून उभी केलेली.)

व्युत्पत्तीबद्दल शंका नाही. मूळ आदि-इंडोयुरोपीय (संस्कृत, ग्रीक, स्लाव्ह वगैरेंची समान पूर्वज भाषा) *नेभोस्. त्याचंच संस्कृत नभस्, ग्रीक नेफोस् (ढग), हित्ती (आजच्या तुर्कस्तानातली एक प्राचीन भाषा) नेपिश (आकाश). संस्कृतात धुकं, ढग, आकाश हे तिन्ही अर्थ आहेत. स्लाव्हमध्ये आकाश तेवढं उरलं.

रूपावली तर फारच देखणी आहे! प्रथमा *नेबो, षष्ठी *नेबेसे, चतुर्थी *नेबेसि, अनेकवचनी प्रथमा *नेबेसा. शेजारी नभः, नभसः, नभसे ठेवून बघा. शब्दाच्या शेवटचा 'स्' स्लाव्हमध्ये गळतो, दोन स्वरांमधला टिकतो. आजच्या रशियनमध्ये एकवचन साध्या नपुंसकलिंगी नामांसारखं चालतं (नेबो, षष्ठी नेबा) आणि 'एस' फक्त अनेकवचनात, नेबेसा मध्ये, राहिलाय. त्यामुळे तो अनेकवचनाचा प्रत्यय वाटतो. प्रत्यक्षात तो अंगाचाच (विभक्तीचा प्रत्यय ज्याला लागतो त्या रूपाचाच) भाग.

आता अडचण. 'लांडगा' या पुल्लिंगी शब्दाचा (संस्कृत वृकः) मूळ शेवटही 'ओस्'च. पण स्लाव्हमध्ये तिथे अतिऱ्हस्व 'उ' येतो : *विल्कु. मग *नेभोस् चं *नेबु का झालं नाही?

दोन स्पष्टीकरणं वाचली. एक, 'ओस्'चा नियमाने 'उ'च होतो. *नेबो मधला 'ओ' *तो (ते) या सर्वनामाच्या आणि इतर नपुंसकलिंगी नामांच्या धर्तीवर आला. दुसरं, नियमाने 'ओ'च होतो आणि पुल्लिंगातला 'उ' द्वितीयेच्या 'ओम्'वरून आलेला. मला दुसरं जास्त पटतं, कारण *विल्कु हे प्रथमा आणि द्वितीया दोन्हींचं रूप आहे. पण रशियातल्या नोव्हगोरोदला 1951पासून बर्च झाडाच्या सालीवरची जी मध्ययुगीन पत्रं सापडली, त्यांत पुल्लिंगी प्रथमेत 'ए' दिसतो आणि द्वितीयेत 'उ'. म्हणजे तिथे दोन्ही विभक्ती वेगळ्याच राहिल्या! हा 'ए' दुसऱ्या स्पष्टीकरणात बसवायचा कसा?

जाता जाता आणखी एक : लिथुआनियन देबेसिस (ढग) मधला 'द' दांगुस (आकाश) या शब्दाच्या प्रभावाने आला, हे मत सर्वमान्य आहे का?

ऐतिहासिक भाषाशास्त्राच्या जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं. *स्लोवो (शब्द, संस्कृत श्रवस्) किंवा *कोलो (चाक) यांची उदाहरणं घेऊन समजावलंत तरी चालेल, दोन्ही *नेबोसारखीच, अंगात 'एस' असलेल्या गटातली आहेत.