भारत, हिंदुस्थान, इंडिया आणि 'हिंदू', नक्की कुठून आले हे शब्द?

मुळामुठा

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

गेल्या रविवारी घरी सत्यनारायण होता. गुरुजींनी नेहमीचा संकल्प सोडला, 'भरतवर्षे भरतखंडे जंबुद्वीपे दंडकारण्ये देशे गोदावर्याः दक्षिणे तीरे' वगैरे. लेक नववीत आहे, तिने शिरा खाता खाता विचारलं, आई आपण नक्की राहतो कुठे? गुरुजी म्हणतात भरतवर्ष, पासपोर्टवर इंडिया, आजोबा अजून हिंदुस्थान म्हणतात आणि क्रिकेटला सगळे 'इंडिया इंडिया' ओरडतात. मी म्हटलं सांगते नंतर, आणि तिथेच चूक झाली, मी फॅमिली ग्रुपवर विचारलं.

पहिला फॉरवर्ड एका काकांचा: 'हिंदू' ही मोगलांनी दिलेली शिवी आहे, फारसीत त्याचा अर्थ चोर, काळा, गुलाम. त्यावर मावसभावाचा लगेच श्लोक, की छे, 'हीनं च दूषयति' म्हणजे हीन गोष्टींचा धिक्कार करतो तो हिंदू, मेरुतंत्रात लिहिलंय. तिसऱ्याने टाकलं की इंडिया म्हणजे 'इंडिपेंडंट नेशन डिक्लेअर्ड इन ऑगस्ट'. (हे वाचून लेक पंधरा मिनिटं हसत होती.) आता काका आणि मावसभाऊ एकमेकांशी बोलत नाहीयेत आणि पुढच्या महिन्यात एकाच लग्नाला जायचंय.

तर कुणी नीट सांगेल का, यातलं खरं काय? आणि 'हिंदू' हे धर्माचं नाव कधीपासून झालं? राजकारण नको प्लीज, धागा बंद पडेल.

खारीबिस्किट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कोपऱ्यातली जागा माझी.

अपभ्रंश

मुळामुठाताई, तिन्ही फॉरवर्ड बाद. तिसऱ्याचं तर सोडाच, इंडिया हा शब्द दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि तेव्हा ऑगस्ट महिन्याचं नावसुद्धा ऑगस्ट नव्हतं.

सगळ्याचं मूळ एकच, सिंधू नदी. संस्कृतात सिंधू म्हणजे ती नदी, आणि नुसती नदी किंवा समुद्र असाही अर्थ आहे. आता इराणी भाषांत काय झालं की आपल्याकडे शब्दात जिथे 'स' राहिला तिथे बऱ्याच ठिकाणी त्यांच्याकडे 'ह' झाला. सोमाचं हओम, असुराचं अहुर (पारशांचा देव अहुर मज्दा, त्यातलं), सप्तचं हप्त. हे लांबचं वाटत असेल तर गावातला हरिनाम सप्ताह आणि तुमच्या गाडीचा हप्ता आठवा, दोन्ही सातावरूनच आलेत, फक्त पहिला संस्कृतातून आला आणि दुसरा फारसीतून. तसंच सिंधूचं हिंदू झालं. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, आपल्या 'सप्तसिंधु' ला 'हप्त हेंदु' म्हटलंय.

इराणचा बादशहा दारियस, इसवी सनापूर्वी ५२२ ते ४८६ हा त्याचा काळ, त्याच्या शिलालेखांत त्याच्या ताब्यातल्या प्रांतांची यादी आहे आणि त्यात 'हिंदुश' नावाचा प्रांत येतो, म्हणजे सिंधूच्या काठचा मुलूख. म्हणजे इस्लामच्या आधी हजारएक वर्षं आणि बाबराच्या आधी दोन हजार वर्षं हा शब्द दगडावर कोरलेला आहे. मोगलांनी शिवी दिली म्हणणाऱ्या काकांना एवढंच सांगा.

पुढे इराण्यांकडून तो ग्रीकांकडे गेला. त्यातले जे आयोनियातले (आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे) ग्रीक, त्यांच्या बोलीत सुरुवातीचा 'ह' गळून पडलेला, म्हणून हिंदूचं इंदोस झालं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसकडे ते 'इंदोई', मेगास्थेनिसच्या पुस्तकाचं नाव 'इंडिका', मग लॅटिनमधून इंडिया. म्हणजे हिंदू आणि इंडिया सख्खे भाऊ आहेत, एक इराणात राहिला, एक ग्रीसला गेला. जो माणूस इंडिया परका आणि हिंदुस्थान आपला म्हणतो (किंवा उलट) त्याला हे सांगून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो.

आता चोर, काळा वगैरे. फारसी कवितेत हिंदू शब्द काळा किंवा गुलाम अशा अर्थाने येतो, हे खोटं नाही. पण ते नंतरचं. हाफिजचा प्रसिद्ध शेर आहे, त्या शिराजच्या तुर्काने माझं मन राखलं तर त्याच्या गालावरच्या 'हिंदू' तिळापायी मी समरकंद आणि बुखारा देऊन टाकेन. इथे हिंदू म्हणजे काळा, पण बघा तो तिळाचं कौतुक करतोय. आणि त्याच ओळीत तुर्क म्हणजे गोरी, देखणी व्यक्ती. म्हणून 'तुर्क' शब्दाचा मूळ अर्थ गोरा होतो का? नाही ना. आधी लोकांचं नाव, मग त्या लोकांविषयीच्या समजुती त्याला चिकटतात.

मेरुतंत्राचं तर विचारूच नका. त्याच ग्रंथात इंग्रज आणि लंडनवाल्यांचा उल्लेख येतो, त्यावरून तो किती पुरातन ते मावसभावालाच ठरवू दे. कुठल्याही शब्दाची संस्कृतात फोड करून दाखवता येते हो, मी 'इडली'ची पण करून दाखवीन.

साडेसातीसंपली

अपभ्रंश साहेब, ही 'स' चा 'ह' थिअरी मला कधीच पटली नाही. इराण्यांना स म्हणता येत नव्हता तर ते स्वतःला पारसी कसे म्हणायचे? पारही म्हणायला हवं होतं. उगीच कुणीतरी गोऱ्याने लिहिलं आणि आपण मान डोलवायची.

अपभ्रंश

हा प्रश्न दर सहा महिन्यांनी येतो आणि प्रश्न चांगला आहे. म्हणता येत नव्हता असं कुणी भाषातज्ज्ञ म्हणतच नाही. त्यांच्या भाषेत स होताच, पण तो वेगळ्या ठिकाणाहून आलेला. आपल्या संस्कृतात जिथे 'श' आहे तिथे त्यांच्याकडे अनेकदा स येतो, आपलं दश तर अवेस्तात दस, आपलं शत तर तिकडे सत. पारस मधला स त्या घरातला. आणि आपला जुना स होता तो 'ह' झाला. म्हणजे जागा रिकामी झाली तिथे शेजारचा येऊन बसला, एवढंच.

आणि स चा ह होणं म्हणजे काही जगावेगळं नाही. आमच्या सोसायटीत एक काठियावाडी आजी आहेत, त्या 'साचुं' ला 'हाचुं' म्हणतात. त्यांना स म्हणता येत नाही असं त्यांच्या तोंडावर म्हणून बघा.

सोलकढी

मी गोव्याची, माझे दोन आणे.

पोर्तुगीज आले तेव्हा त्यांनी इथल्या लोकांना 'जेंतीयू' म्हटलं, म्हणजे ख्रिस्ती नसलेला, मूर्तिपूजक. मुसलमानांना वेगळा शब्द होता, 'मोरू', तो त्यांनी स्पेन मोरोक्कोकडून आणलेला. इंग्रजांनी तो जेंतीयू उचलून 'जेंटू' केला. १७७६ साली नॅथॅनिएल हॅलहेडने हिंदू कायद्याचं भाषांतर छापलं त्याच्या नावात 'जेंटू लॉज' आहे, हिंदू लॉ नाही. म्हणजे अडीचशे वर्षांपूर्वी आपल्या धर्माचं इंग्रजी नाव वेगळंच व्हायच्या बेतात होतं. थोडक्यात वाचलो.

पण मजा ऐका. आमच्या शेजारची ख्रिश्चन म्हातारी मरेपर्यंत आम्हाला हिंदू म्हणाली नाही, 'कोंकणे' म्हणायची. गोव्यात जुन्या ख्रिश्चन लोकांत हिंदूंना हा शब्द अजून ऐकू येतो. भाषा तिचीपण कोंकणी, आमचीपण कोंकणी, पण कोंकणे फक्त आम्ही 😄 माझी आजी त्यांना 'किरिस्तांव' म्हणायची. कुणाला कुणाचा राग नव्हता, गणपतीला नेवऱ्या तिकडे आणि नाताळला दोदोल इकडे. म्हणजे प्रदेशाचं नाव धर्माचं नाव होतं कसं ते मी घराच्या कुंपणावर पाहिलंय, सिंधूपर्यंत जायची गरज नाही.

जडभरत

अखेर माझ्या आयडीचं सार्थक करणारा धागा.

भारत नावाबद्दल सगळे डोळे मिटून दुष्यंत-शकुंतलेचा भरत सांगतात, सिंहाचे दात मोजणारा. पण पुराणं उघडलीत तर भागवताच्या पाचव्या स्कंधात ऋषभाचा मुलगा भरत आहे आणि त्याच्यावरून भारतवर्ष नाव पडलं असं सरळ लिहिलंय. जैन परंपराही हेच सांगते, त्यांचा हा पहिला तीर्थंकर ऋषभदेव, मोठा मुलगा भरत, धाकटा बाहुबली. तोच बाहुबली, श्रवणबेळगोळचा, ज्याच्या पायाशी 'श्री चावुंडराजें करवियलें' हे मराठीत कोरलंय. हा भरत म्हातारपणी राज्य सोडून रानात गेला, हरणाच्या पाडसात जीव अडकला, पुढच्या जन्मी हरीण झाला आणि त्याच्या पुढच्या जन्मी आमचा जडभरत. म्हणजे एका हिशेबाने देशाला नाव दिलेला माणूस आणि मराठीत मठ्ठ पोराला दिलेलं नाव एकच. आमच्या गणिताच्या सरांना हे माहीत असतं तर...

तिसरा धागा ऋग्वेदातला, भरत नावाची टोळीच होती, तिचा राजा सुदास, दहा राजांशी त्याची लढाई सातव्या मंडलात येते. इतिहासाची माणसं बहुतेक इकडे झुकतात, मलाही हेच पटतं, पण पुराणवाल्यांशी भांडायला मी जाणार नाही.

आणि भारत नेहमी एवढाच मोठा होता असंही नाही. विष्णुपुराणात समुद्राच्या उत्तरेला आणि हिमालयाच्या दक्षिणेला ते भारतवर्ष असं आहे. पण भुवनेश्वरजवळ हाथीगुंफेत खारवेल राजाचा लेख आहे, तो म्हणतो मी 'भरधवस' वर स्वारी पाठवली. म्हणजे कलिंगात बसलेल्या राजाला भारतवर्ष हे दुसरीकडे कुठेतरी, बहुधा उत्तरेत, वाटत होतं!

पुढचीतारीख

कायद्याचं मी सांगतो, पोटापाण्याचा विषय आहे.

घटनेचं पहिलं कलम: इंडिया, दॅट इज भारत. १८ सप्टेंबर १९४९ ला घटना समितीत यावर चांगली जुंपली होती. ह. वि. कामत यांची दुरुस्ती होती की भारत पुढे घ्या आणि इंडिया हे इंग्रजीतलं नाव म्हणून मागे. मतदान झालं, ३८ विरुद्ध ५१, पडली. मात्र घटनेच्या हिंदी पाठात 'भारत, अर्थात् इंडिया' असं उलटं आहे, म्हणजे कामतांचं अर्धं काम भाषांतरकाराने केलं.

धर्माचं म्हणाल तर हिंदू म्हणजे कोण याची व्याख्या कायद्यात सरळ नाहीच. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे, आणि बाकी जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा ज्यू नाही तो यात, अशी वजाबाकी करून व्याख्या. सुप्रीम कोर्टात स्वामिनारायण सत्संगींची केस आली होती की आमचा पंथ हिंदू नाही, तेव्हा १९६६ साली सरन्यायाधीश गजेंद्रगडकर (आपले साताऱ्याचे) यांनी निकालात थेट सिंधू नदीपासून सुरुवात केली. आणि सत्संगी हिंदूच, असा निकाल दिला.

अपभ्रंश

ताईंचा दुसरा प्रश्न राहिलाच, धर्माचं नाव कधी झालं.

आधी ते फक्त 'तिकडचे लोक' होतं. मग इकडे मुसलमान सत्ता आल्यावर 'ते' आणि 'आपण' म्हणायला शब्द लागला. विजयनगरचे राजे चौदाव्या शतकात लेखांत स्वतःला 'हिंदूरायसुरत्राण' म्हणवतात. सुरत्राण म्हणजे सुलतान, त्याला संस्कृत धोतर नेसवलंय. म्हणजे हिंदू राजांमधला सुलतान! शिवी असती तर बिरुद म्हणून कुणी मिरवली असती का? आणि सोळाव्या शतकात एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद बघा. दोघे देवाधर्मावरून कचाकचा भांडतात, पण नाथ शब्द वापरतात 'तुर्क'. एकाचं नाव नदीवरून, दुसऱ्याचं जमातीवरून, आणि भांडण धर्माचं. शब्द तेव्हा कुठे पोचला होता ते तिथे दिसतं. 'हिंदूइझम' हा इझमवाला शब्द तर अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजीत आला, राममोहन रॉय १८१६ च्या सुमाराला तो वापरणाऱ्या पहिल्या भारतीयांपैकी.

जाता जाता, देशाचं नाव आद्याक्षरांवरून बनवल्याचं खरं उदाहरण हवं असेल तर ते शेजारी आहे. १९३३ मध्ये चौधरी रहमत अलीने पंजाब, अफगाण प्रांत, काश्मीर, सिंध आणि बलुचिस्तानचं शेपूट जोडून पाकस्तान केलं. आणि सिंधू नदी गेली तिकडे, नाव राहिलं इकडे. जिनांना ते नाव इकडे राहिलेलं आवडलं नव्हतंच, तुम्ही हिंदुस्तान घ्या, इंडिया का घेता म्हणून ते कुरकुरले होते.

मुळामुठा

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद, सोलकढी तुझ्या कुंपणाची गोष्ट लेकीला फार आवडली. ग्रुपवर दारियसचं टाकलं, काकांनी त्यावर गुलाबाचं फूल आणि सुप्रभात पाठवलं. संध्याकाळी सात वाजता.

सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, सिंधूचं सैंधव, ते आपलं उपासाचं शेंदेलोण ना? म्हणजे चतुर्थीला आपण पाकिस्तानातलं मीठ खातो की काय?

अपभ्रंश

सासूबाईंना नमस्कार सांगा, व्युत्पत्ती बरोब्बर आहे. मिठाचे डोंगर तिकडेच, खेवड्याला, झेलम जिल्ह्यात. पाकिटावर काय छापलंय ते मात्र चष्मा लावून बघा.

खारीबिस्किट

पॉपकॉर्न संपले. त्यात मीठ कुठलं होतं ते आता बघतो.