वणवा: दोष काडीचा की हवेचा?

तिरकस:
मोठा वणवा लागला रे लागला की 'हवामानबदल' म्हणून गळा काढणारे लेख सुरू. वीट आलाय. हवा ५० अंशांवर गेली तरी लाकूड आपोआप पेटत नाही, त्याला २५०च्या वर लागतात. एका अभ्यासानुसार अमेरिकेत १९९२ ते २०१२ मधले ८४ टक्के वणवे माणसामुळे लागले. काडी माणसाची, आणि शतकभर प्रत्येक आग विझवून रानात इंधन (सुकं गवत, पाचोळा, लाकूड) साठवलं तेही माणसाने. हवा उगाच बदनाम.

वातकुक्कुट:
८४ टक्के ही वणव्यांची संख्या. त्याच अभ्यासात जळालेल्या क्षेत्रातला माणसाचा वाटा ४४ टक्के आहे. तो सोयीस्कर गाळलात!

ठिणग्या कायम पडतात. त्यांचं काय होणार हे इंधनातल्या ओलाव्यावर ठरतं. ६ मिमीहून बारीक गवत-काटक्या तासाभरात हवेशी जुळवून घेतात. ८ ते २० सेमी जाडीच्या ओंडक्यांना साधारण १००० तास, म्हणजे सहा आठवडे लागतात. दुपारची हवा आग पळवते, आधीचा कोरडा हंगाम ती विझू देत नाही. पाचोळ्यात २५-३० टक्के ओलावा असेल तर निखारा मरतो, ५ टक्क्यांपर्यंत उतरला की जवळजवळ प्रत्येक निखारा पुढे नवी आग लावतो.

जाळरेषा:
एवढं लांबण कशाला? तापमान ३०च्या वर, आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली, वारा ताशी ३० किमीच्या वर. तिन्ही जुळले की आग विझवणारी माणसं मागे घ्यायची.

वातकुक्कुट:
आर्द्रतेची टक्केवारी फसवी असते. आर्द्रता २० टक्केच धरा: ३० अंशांना बाष्पदाबाची तूट (हवा अजून किती बाष्प शोषू शकते त्याचं माप) ३४ हेक्टोपास्कल, ४० अंशांना ५९. तुमच्या नियमाला दोन्ही दिवस सारखेच.

जाळरेषा:
मेलेला पाचोळा मुख्यतः सापेक्ष आर्द्रतेच्या मागे जातो, तुटीच्या नाही. तूट जिवंत पानं सुकवते आणि सुकण्याचा वेग वाढवते. दोन्हींची खिचडी करू नका.

आणि वारा कुठे मोजलेला? ३० किमी म्हणजे मोकळ्यावर, १० मीटर उंचीवर. दाट झाडोऱ्यात डोळ्याच्या उंचीला त्याचा ०.१ ते ०.३ पटच मिळतो. हातातल्या यंत्रावर ६ किमी बघून 'वारा नाही' म्हणणारे महाभाग असतात. शेंडे पेटले की आग वरच्या वाऱ्यावर चालते, मग कळतं.

वातकुक्कुट:
पाचोळ्याचं मान्य. पण जिवंत पानं गौण नव्हेत. कॅनडातल्या फोर्ट मॅकमरेचा वणवा, मे २०१६: बर्फ वितळलेलं, नवी पालवी नाही, सूचिपर्णींच्या पानांत वसंतातला नीचांकी ओलावा. तिथे फक्त पाचोळा मोजून बसलात तर संपलात.

तिरकस:
अहो विद्वानहो, मूळ मुद्दा इंधनाचा! हंगामाआधी जाळून टाका की.

जाळरेषा:
जाळा. पण वारा जिकडे वाहतो तिकडची कड आधी जाळून काळी पट्टी करायची, मग आग उलट्या वाऱ्यात मागे सरकू द्यायची. वारा अगदी पडलेलाही नको, दिशा भरकटते. दुपारी आर्द्रता घसरते, कडेचा ओंडका धुमसत राहतो आणि दोन दिवसांनी वाऱ्याने पट्टी ओलांडतो. उन्हाळा लांबला की असे जाळण्याजोगे दिवसही कमी होतात. साठलेल्या इंधनाचा युक्तिवाद अमेरिकेतल्या पाँडेरोसा पाइनच्या जंगलांना लागू. लॉजपोल पाइनची जंगलं मुळातच शंभर-दोनशे वर्षांनी शेंड्यांसकट जळतात, तिथे तो चालत नाही.

वातकुक्कुट:
७ फेब्रुवारी २००९, ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया. मेलबर्नला ४६.४ अंश. संध्याकाळी वारा नैऋत्येकडून फिरला आणि आगीची लांबच लांब बगल (बाजूची कड) क्षणात तोंड (पुढे धावणारी कड) झाली. १७३ माणसं गेली. यात इंधन किती, हवा किती, सांगा.

तिरकस:
बरं, ४४ टक्क्यांचं बरोबर आहे, घ्या पेढे. पण कॅलिफोर्नियातला कॅम्प वणवा, ८ नोव्हेंबर २०१८, ८५ बळी: ठिणगी विजेच्या वाहिनीची. तीही हवेच्या खात्यात?

वातकुक्कुट:
शरदातला पाऊस तोवर आलाच नव्हता आणि वर कोरडा जोरदार ईशान्य वारा. तीच ठिणगी भिजलेल्या रानात पडली असती तर आपण ही तारीख लक्षात ठेवली नसती.

तिरकस:
म्हणजे वाहिनी दुरुस्त करण्यापेक्षा पावसाची वाट बघणं स्वस्त. छान.

जाळरेषा:
दोघेही बोला, पण वाऱ्याचा आकडा देताना उंची लिहा. १० मीटर की डोळ्याची?