राष्ट्रीय मरू उद्यान: माळढोकासाठी कुंपणं वाढवावीत का?

रानवेडा:
जैसलमेर-बाडमेरमधल्या या उद्यानाचं क्षेत्र 3162 चौ. किमी. पण माळढोकाची वीण टिकून आहे ती मुख्यतः सुदासरीसारख्या कुंपणबंद कुरणांत. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. शेळ्यामेंढ्यांचा कळप जवळ आला की ती उठते आणि तेवढ्यात डोमकावळा नाहीतर कोल्हा डाव साधतो. बाहेरचं सेवण गवत बुडापर्यंत खाल्लेलं, आतलं गुडघ्याएवढं. माझं स्पष्ट मत: अशी कुरणं दुपटीने वाढवा.

उघडा_माळ:
असहमत. नाव उद्यानाचं असलं तरी कायद्याने हे अभयारण्य आहे. आत गावं आहेत, ढाण्या म्हणजे छोट्या वस्त्या आहेत. एका तुकड्याला जाळी लावली की तिथले कळप उरलेल्या माळावर दाटीने चरतात. शिवाय वर्षानुवर्षं न चरलेल्या सेवणाचे ठोंब निबर होतात, जुन्या काड्यांच्या गर्दीत नवी फूट कमी येते. नर नाचायला मोकळी, जराशी उंच जागा निवडतो, लांबवरून मादीला दिसावं म्हणून. तिथे कमरेएवढं गवत काय कामाचं? आणि चिंकारा? मागे कुत्री लागली की तो जाळीच्या कोपऱ्यातच सापडतो.

रानवेडा:
गवत निबर होतं, मान्य. मग वीण आटोपल्यावर हिवाळ्यात एकेक तुकडा आळीपाळीने गाईंना उघडा आणि उन्हाळा लागायच्या आत बंद करा. शेळ्या मात्र नकोत. त्या बोरीची कोवळी फूट ओरबाडतात, आणि बोरं हे माळढोकाचं खाद्य आहे.

वाळूचा_हिशोब:
दोघंही जाळी एकदा लावली की झालं असं धरून चालला आहात. आंधीच्या, म्हणजे वाळूच्या वादळांच्या दिवसांत वाळू जाळीला अडून साचते. ढीग चढत गेला की कुत्रं त्यावरून सरळ आत उतरतं. दुसरीकडे बुडाची वाळू उडून फट पडते. म्हणून खालची फूटभर जाळी बाहेरच्या अंगाला काटकोनात वळवून पुरावी. कुत्रं उकरायला लागलं की पंजा जाळीवरच अडतो. प्रत्येक मोठ्या आंधीनंतर फेरी मारून वाळू ओढायला माणसं हवीत. त्यांचा पगार धरला नसेल तर कुंपण वाढवूच नका.

उघडा_माळ:
जाळी कितीही पक्की केली तरी पक्षी उडून बाहेर जाणारच, आणि बाहेर उच्चदाब तारा आहेत. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं त्याला कमी दिसतं. तार दिसेपर्यंत एवढं जड शरीर वळवायला उशीर झालेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला होता, तो मार्च 2024 मध्ये सैल करून विषय समितीकडे सोपवला. देगराय मातेच्या ओरणातूनही, म्हणजे देवीच्या नावाने राखलेल्या रानातूनही, तारा गेल्या आहेत. पैसा एकाच कामापुरता असेल तर आधी तारा.

रानवेडा:
तारांचा धोका मोठा आहे, वाद नाही. पण तो निर्णय न्यायालय आणि वीज कंपन्यांच्या हातात आहे. कुरणं वनखात्याच्या हातात आहेत. वाळू रोखायला लावलेली इस्रायली बाभूळ आधी काढा. त्या झाडांवर बसून शिकारी पक्षी माळ न्याहाळतात. हे काम पुढच्या विणीआधी होऊ शकतं.

उघडा_माळ:
बाभळीबद्दल पूर्ण सहमत. फक्त खेजडी, रोहिडा आणि केर या इथल्याच झाडाझुडपांना हात लावू नका. कुंपणाबाबत मत तेच.