बाबांच्या लॅपटॉपमधलं डाऊनलोड्स कसं आवरू?

अबोली_७८
नमस्कार मंडळी, बाबांच्या लॅपटॉपची सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय म्हणून आवरायला बसले आणि डाऊनलोड्स उघडल्यावर डोकंच गरगरलं. सातबारे, आठ-अ, लाइट बिलं, ई-आधार, पॉलिसीच्या पावत्या, लग्नाच्या पत्रिका, सेटअप फाइल्स, व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून उतरवलेले फोटो, सगळं एकाच ठिकाणी, आणि त्यात अर्ध्याअधिक फाइल्सच्या नावापुढे कंसात (1), (2), (7) असं काहीतरी. शेतीच्या कामाला कागद लागला की बाबा नवीन डाऊनलोड करतात कारण जुना सापडत नाही. कंसातले आकडे असलेल्या फाइल्स सरसकट उडवल्या तर चालतील का? आणि सुरुवात कुठून करू?

सह्यकडा
ताई, कंसवाल्या सरसकट उडवू नका, प्लीज. कंसातला आकडा एवढंच सांगतो की त्याच नावाची फाइल आधीपासून तिथे होती, आत काय आहे ते नाही. बऱ्याच साइट दर महिन्याचं स्टेटमेंट एकाच नावाने देतात, म्हणजे (3) मध्ये मार्च असेल आणि (4) मध्ये एप्रिल. खरंच सेम आहेत का ते बघायला ड्यूपगुरू वापरा, फुकट आहे, फाइलच्या आतला मजकूर ताडून बघतं.

जागेसाठी म्हणाल तर पीडीएफच्या मागे लागूच नका, शंभर सातबारे उडवून पण पट्टी हलणार नाही. विझट्री टाका, कुठल्या फोल्डरने किती जागा खाल्लीय ते लगेच कळतं, आणि बहुतेक वेळा सेटअप, झिप आणि व्हिडिओच निघतात. जे परत डाऊनलोड करता येतं ते उडवा, जे येत नाही त्याला हात लावू नका, मी तरी एवढा एकच निकष लावतो. आणि सेटिंग्जमध्ये स्टोरेज सेन्स बघून ठेवा, त्यात डाऊनलोड्समधल्या न उघडलेल्या फाइल्स 1, 14, 30 किंवा 60 दिवसांनी आपोआप उडवायचा पर्याय असतो, बाबांच्या मशीनवर तो 'नेव्हर' लाच पाहिजे.

खिळाछाप
वरच्या सगळ्याला +1. मी नावांबद्दल सांगतो कारण खरा घोळ तिथेच आहे. फोल्डर ढीगभर करू नका, शेती, घर, बँक, दवाखाना एवढे चार पुरे, पण फाइलच्या नावात तारीख आधी टाका, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. म्हणजे '2024-06-11 सातबारा गट 112'. दिवस आधी टाकला तर सगळ्या वर्षांच्या 11 तारखा एकत्र येऊन बसतात आणि परत शोधाशोध. सातबारा अक्षरातच लिहा हं, विंडोज फाइलच्या नावात तिरकी रेघ घेतच नाही, त्यामुळे 7/12 टाइप होणारच नाही.

व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोंची नावं मात्र तशीच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅप फोटोच्या आतली कॅमेऱ्याची माहिती काढून टाकतं, मग तारखेचा माग काय तो त्या लांबलचक नावातच उरतो.

आणि ब्राउजरच्या सेटिंगमध्ये 'प्रत्येक फाइल कुठे सेव्ह करायची ते विचारा' हे चालू करून द्या. बाबा सुरुवातीला वैतागतील, पण नाव त्याच क्षणी दिलं जातं, नंतर कोणी देत नाही.

अबोली_७८
खूप खूप आभार दोघांचे. विझट्रीत बघितलं, व्हिडिओ आणि सेटअपच निघाले. अजून दोन शंका. सातबारे दोन प्रकारचे दिसतायत, काहींवर डिजिटल सही आहे काहींवर नाही, कुठले ठेवू? आणि सगळं वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन स्टोरेजवर (क्लाउडवर) टाकून लॅपटॉपवरून काढलं तर?

बांधावरून
शेतीवाला आहे म्हणून सातबाऱ्याचं सांगतो. बिनसहीचा फुकट मिळतो तो फक्त माहितीसाठी, कायदेशीर कामाला चालत नाही. 15 रुपये भरून काढलेला सहीचा चालतो, त्यावर पडताळणी क्रमांक असतो. त्याची मूळ पीडीएफ जशीच्या तशी ठेवा. नाव बदललं तर काही होत नाही, पण प्रिंट काढून परत स्कॅन केला किंवा 'प्रिंट टू पीडीएफ' केलं की सही नुसतं चित्र होऊन बसते. जुने सातबारे पण टाकू नका, कुठल्या वर्षी कुठलं पीक लागलं होतं, बोजा कधी चढला कधी उतरला हे भावकीत वाद निघाला की त्यातूनच दाखवता येतं.

ई-आधार उघडत नसेल तर पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष.

सह्यकडा
वनड्राइव्हचं जपून. फुकटात 5 जीबीच मिळतात, आणि सिंक चालू असताना लॅपटॉपवरून डिलीट केलं की क्लाउडवरून पण जातं, तिथल्या रिसायकल बिनमध्ये 30 दिवस राहतं तेवढंच. लॅपटॉपवर जागा करायची असेल तर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' करा, डिलीट नाही, म्हणजे फाइल क्लाउडवर राहते आणि लॅपटॉपवरची जागा तेवढी मोकळी होते. आणि कागदांची एक कॉपी पेन ड्राइव्हवर घेऊन लॅपटॉपच्या बॅगेत न ठेवता कपाटात ठेवा.

खिळाछाप
एक राहिलंच, सेटअप उडवताना फाँटच्या फाइल्स बघून घ्या. बाबांनी श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये काही टाइप केलेलं असेल, मंडळाचे अहवाल, अर्ज वगैरे, तर तो फाँट गेला की वर्डमध्ये नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. सर्चमध्ये मराठी शब्द टाकून पण अशा फाइल्स सापडत नाहीत कारण आतला मजकूर युनिकोड (आता सगळीकडे चालणारी मराठी टायपिंगची पद्धत) नसतो. फाँट मशीनवर आहे तोवर त्या सगळ्या उघडून पीडीएफ करून घ्या, आणि फाँटची फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवा.